बुरा न आलेलं लोणचं

कावळ्याचे चिमणाबाईवर फार उपकार होते. नवऱ्याने, सासूने, पोटच्या लेकरांनी केले नसतील एवढे. महिन्यातून एकदा तो तिला शिवायचा, आणि मग चार दिवस घरातल्या कोणाची तिला शिवायची छाती नव्हती. चूल नाही, पाणी नाही, जातं नाही, देव नाही. अंगणापलीकडे गोठ्याला लागून एक खोपी होती. तिथे पोत्यावर बसायचं, वरून टाकलेली भाकरी खायची आणि आनंदवलीच्या मळ्यातून गंगेकडे, म्हणजे गोदेकडे, उतरत गेलेला उतार बघत राहायचं. बायका याला विटाळ म्हणत. चिमणाबाईही तोंडाने विटाळच म्हणायची, पण मनात तिने त्याचं नाव रजा ठेवलं होतं. देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायांना मिळते म्हणतात, तशी.

अडचण एवढीच होती, की गेल्या चैत्रापासून कावळा येईनासा झाला होता. वय झालं की तो येत नाही, हे चिमणाबाईला कळत होतं. पण त्याने येणं सोडलं म्हणून आपण बसणं का सोडावं, हे तिला कोणी पटवून दिलं नव्हतं. कारण तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. पुनव झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती नेमाने पदर ओढून खोपीत जाऊन बसे. फडकी कोरडीच असत, तरी ओढ्यावर नेऊन भिजवी, पिळी आणि काट्यांच्या कुपाटीआड वाळत घाली. खोट्यालाही कष्ट पडतात. पण दहा माणसांच्या भाकऱ्या एका पारड्यात टाकल्या, तर हे पारडं पार वर जाई.

भाकऱ्या कमी होत नव्हत्या, थापणारे हात कमी झाले होते. लेक होती तोवर हाताखाली कोणी होतं. तिला गेल्या उन्हाळ्यात ओझरला देऊन टाकली. सासू धोंडाबाई सत्तरीला आली होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन चुलीजवळ बसून राज्य करत होती. राहिली धाकटी जाऊ भागीबाई. पदरात वर्षाचीही न झालेली तान्ही, अंगात रक्त जेमतेम, बोलणं त्याहून कमी. चिमणाबाई खोपीत बसली की तिच्या वाटचं सगळं भागीबाईच्या अंगावर पडे. हे चिमणाबाईला दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं. म्हणून ती उताराकडे तोंड करून बसायची.

पस्तीस सालच्या मार्गशीर्षात त्या घरात हिरव्या टमाट्यांचा ढीग येऊन पडला, आणि या सगळ्या मांडणीला पहिली चीर गेली.

टमाटी लावायचं डोकं खंडेरावाचं, म्हणजे चिमणाबाईच्या नवऱ्याचं. छावणीतल्या साहेबलोकांना विलायती वांगी लागतात, दोन वाफे लाव, असं कोणीतरी सांगितलं, तर यानं निम्मा मळा लावला. खंडेरावाचं सगळंच असं. लग्नाला पाहुणे बोलवायला गेला की वाटेत भेटेल त्यालाही बोलवून यायचा. झाडं फळांनी लगडली. आणि त्याच सुमाराला छावणीतली पलटण कुठेतरी उत्तरेकडे हलली. ही बातमी बागवानपुऱ्याच्या गुलजारबीने आणली. तिचा मुलगा निसार टांग्यातून देवळालीला भाजी पोचवायचा. तिने सांगितलं, की आता तिथे एवढं खाणारं कोणी उरलं नाही. आणि वर हेही सांगितलं, की निफाडकडे थंडीने शेतात पांढरं पडलंय, एक रात्र तशी इकडे आली तर सकाळी झाडावर काळा चिखल लोंबेल.

नाशकाच्या बाजारात तेव्हा टमाटं खपत नव्हतं. लाल झालेलं ते फळ कापलं की खाटकाच्या ओट्याची आठवण येते, म्हणून चांगल्या घरात ते उंबऱ्याच्या आत घेत नसत. खंडेरावाने सगळी फळं हिरवीच तोडली आणि अंगणात आणून ओतली. मग हात झटकून तो मोटेवर निघून गेला. पुढचं बघायला घरात बायका होत्या.

धोंडाबाईने एक फळ हातात घेऊन दाबलं, हुंगलं, दातांच्या जागी हिरड्यांनी चावून पाहिलं, आणि निवाडा दिला. लाल ते मांसाच्या जातीचं. हिरवं ते कैरीच्या. यंदा वादळाने कैऱ्या गळाल्या होत्या आणि लोणच्याच्या बरण्या दिवाळीलाच पालथ्या पडल्या होत्या, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. थंडीच्या दिवसांत बाजरीच्या भाकरीबरोबर आंबट काही नसलं की गडी कुरकुरतात. तेव्हा थोराड फळांचं लोणचं घाला, बारक्यांच्या काचऱ्या करून वाळवा, पौष-माघात कालवणाला होतील, असं तिने सांगितलं. आणि एकदा लोणचं म्हटलं की लोणच्याचे सगळे कायदे आले: हात कोरडे, भांडं कोरडं, मन शांत, आणि बाहेरची कोणी जवळ फिरकायची नाही. बाहेरचीची सावली जरी पडली तरी बरणीला आठ दिवसांत बुरा येतो, हे धोंडाबाई असं सांगे, जसं काही बुऱ्यानेच तिला येऊन सांगितलं असावं.

चिमणाबाई ढिगाकडे बघत उभी राहिली. सकाळपासून तिची कंबर धरली होती. तो ढीग पुसायचा, चिरायचा, मीठ लावायचं, पिळायचं, वाळवायचं, मोहरी-मेथी कुटायची, तेल कडवायचं, आणि हे सगळं रोजच्या भाकऱ्या, रोजचं पाणी, रोजचं शेण सांभाळून. पुनवेला अजून अवकाश होता. पण तिच्या गुडघ्यांनी तिथी विचारली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती डोक्यावरून पदर घेऊन खोपीत जाऊन बसली.

धोंडाबाईने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, यंदा लवकर आला वाटतं. चिमणाबाई म्हणाली, वय झालं की मागंपुढं होतं. धोंडाबाई बरं म्हणाली. आणि भागीबाई विळी घेऊन ढिगापुढे बसली.

तो दिवस चिमणाबाईच्या रजेतला सगळ्यात वाईट दिवस गेला. उतार तिथेच होता, ऊनही कोवळं होतं, पण मागून विळीचा आवाज येत राहिला. भागीबाई चिरत होती, मधेच तान्हीला पाजत होती, पुन्हा चिरत होती. दुपारी गुलजारबी आली. विटाळाचं तिला काही नव्हतं. ती सरळ खोपीच्या तोंडाशी टेकून बसली आणि पान काढलं. भागीबाईकडे एकदा, चिमणाबाईकडे एकदा बघून म्हणाली,

"तुमच्यात बरं हाय चिमणाबाई. आमच्यात या दिवसांत नमाज माफ होते, चुल्हा माफ होत नाय."

चिमणाबाई हसली आणि पुन्हा उताराकडे वळून बसली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. धोंडाबाई शेजारच्या गाडीतून कपालेश्वराला गेली. गडी मोटेवर. भागीबाईने चिरलेल्या फोडींना मीठ-हळद चोळून त्या घंगाळात भरून उन्हात ठेवल्या होत्या. तान्हीला रात्रीपासून ताप होता. ती पोर एकदाची निजली, तशी तिला पोटाशी घेऊन भागीबाईही ओसरीवर कलंडली, आणि मेल्यासारखी झोपली.

चिमणाबाईचं लक्ष घंगाळाकडे गेलं. पितळेचं घंगाळ. त्याची कल्हई दिवाळीतच उडाली होती आणि कल्हईवाला त्यानंतर गावात फिरकलाच नव्हता. आंबट फोडी, वर मीठ, आत उघडं पितळ, वर ऊन. संध्याकाळपर्यंत सगळं कळकून निळंहिरवं होणार, आणि खाईल त्याला ओकाऱ्या. मळ्यातला निम्मा हंगाम उकिरड्यावर जाणार, आणि बोल लागणार भागीच्या हाताला. धोंडाबाई एकदा बोल लावायला लागली की तो म्हातारपणापर्यंत पुरायचा. चिमणाबाईच्या पहिल्या वर्षीच्या करपलेल्या पुरणाचा अजून निघत होता.

हाक मारली असती तर भागी उठली असती. हाक मारायला बाहेरचीला मनाई नव्हती. चिमणाबाईने तोंड उघडलंसुद्धा. पण ओसरीवर भागीचा हात जमिनीला असा सांडलेला होता, तळवा उघडा, बोटांच्या चिरांत हळद आणि मीठ भरलेलं, की तिने तोंड मिटलं. स्वतःला एक शिवी घातली आणि उठली.

मग तिने जे केलं ते सगळं सवयीने केलं. फोडी काठवटीत उपसल्या. सुटलेलं खारट पाणी ओतून दिलं. मूठ मूठ पिळून घोंगडीवर धोतर पसरून त्यावर टाकल्या आणि पंखा घेऊन बसावं तशी उन्हाच्या तिरपीबरोबर त्या सरकवत राहिली. भागीने कुटून ठेवलेली मोहरी-मेथी घेतली, तेल कडवून निववलं, सगळं कालवलं, बरण्या भरल्या, वर दोन बोटं तेल येऊ दिलं आणि तोंडाला फडकं बांधून सुतळीची गाठ मारली. उरलेलं ऊन काचऱ्यांवर पडेल अशा त्या पसरल्या. चुलीशी बसली होती, देवाच्या कोनाड्याला तिचा पदर लागला होता, तेलाच्या बुधल्यात हात गेला होता. त्या घरात बाटायचं म्हणून काही उरलं नव्हतं. हात धुऊन ती परत पोत्यावर जाऊन बसली, तेव्हा रजेवर असूनही ती रोजच्याइतकीच दमली होती.

भागीबाई उन्हं कलल्यावर जागी झाली. तिने घंगाळ बघितलं, रिकामं. बरण्या बघितल्या, भरलेल्या. मग खोपीकडे बघितलं. चिमणाबाई उताराकडे तोंड करून बसली होती. भागीबाईने घंगाळ उचललं, घासलं आणि पालथं घातलं.

धोंडाबाई देवाहून आली ती बरण्यांना हात लावून खूष झाली. आणि मग भागीबाईचे दिवस फिरले. आठ दिवस गेले, पंधरा गेले. बुरा काही आला नाही. उलट लोणचं मुरायला लागलं. गडी भाकरीवर दुसऱ्यांदा मागून घ्यायला लागले. धोंडाबाई येईल त्या बाईला सांगे, की धाकटीच्या हाताला गुण आहे, थोरलीच्या हातचं असं कधी उतरलं नाही. आणि ज्या हाताला गुण आहे त्या हाताला त्या घरात काम होतं. आवळे आले, ते भागीने करायचे. मिरच्यांचा खाराही तिनेच घालायचा. संक्रांतीचे तीळ धाकटीनेच भाजावेत, थोरलीचे करपतात. एका कौतुकापायी भागीबाईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं उमटली. आणि एवढं सगळं होऊन पुढची पुनव जवळ येत चालली होती. चिमणाबाईची खोपी तिची वाट बघत होती.

संक्रांत झाली, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे दोघी जावा जात्याला बसल्या होत्या. समोरासमोर, एकाच खुंट्याला दोघींचे हात. तान्ही भागीच्या मांडीवर. बराच वेळ नुसती घरघर चालली होती. मग भागीबाई म्हणाली,

"बाई, एक इचारू?"

"इचार."

"त्या लोणच्याला बुरा का नाय आला?"

चिमणाबाईने मूठभर बाजरी जात्याच्या तोंडात टाकली. "तुझ्या हाताला गुण हाय. आत्याबाईच सांगत्यात."

"हात माझा नव्हता. मी उठले तवा बरण्यांची तोंडं बांधलेली होती. अन् तसली गाठ या घरात एकच बाई मारती."

जातं थांबलं. चिमणाबाईने ते पुन्हा ओढायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या बाजूने हात हलत नव्हता.

"मी रोज फडकं सोडून बघत व्हते," भागीबाई म्हणाली. आवाज वर नाही, खाली नाही. "म्हनलं, आज येईल, उद्या येईल. मला भ्या वाटू ऱ्हायलं व्हतं. देवाला बोलले बी. पर बुरा आला नाय. मंग एक तर कावळ्याचं ते समदं खोटं, नायतर तुमी."

चिमणाबाईने दोन्ही खोटी तोलून पाहिली. पहिलं फार मोठं होतं. ते उचललं तर धोंडाबाई, धोंडाबाईची सासू, गावातल्या सगळ्या खोप्या आणि सगळ्या पालथ्या बरण्या त्याच्याबरोबर उचलाव्या लागल्या असत्या, आणि एवढी ताकद तिच्यात त्या पहाटे नव्हती. दुसरं आपल्यापुरतं होतं.

"मी," ती म्हणाली.

"कवापासून?"

"चैत्र."

चिमणाबाई शिव्यांची वाट बघू लागली. त्या तिला चालल्या असत्या. सांगते जाऊन आत्याबाईला, असं म्हटलं असतं तरी तिने मान खाली घातली असती. चैत्रापासून आपल्या वाटच्या किती भाकऱ्या हिने थापल्या, याचा अंदाज ती करायला गेली आणि अर्ध्यातच सोडला. भागीबाईने तान्हीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली,

"मला हे सुचलंच नाय."

"काय?"

"ही पोटात व्हती तवा नाय. झाली तवापासून अंगावर पिती, म्हनून नाय. दोन वर्सं होत आली, बाई, कावळा माझ्याकडं फिरकला नाय. पहाटं उठती अन् म्हनती, आज तरी शीव बाबा. अन् तुमी तो न शिवता जाऊन बसता." ती हसली. त्या घरात आल्यापासून चिमणाबाईने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पाहून बरंही वाटलं नाही. "येवढी अक्कल मला असती तर."

मग सौदा झाला. फार बोलावं लागलं नाही. भागीबाई म्हणाली, ही पुनव माझी. चिमणाबाई म्हणाली, अंगावर पीत असलं पोर तरी काही जणींना येतो, कोणाला नवल वाटायचं नाही. गेला महिनाभर तिने कंबर त्या चार दिवसांच्या भरवशावर ओढली होती. पण नाही म्हणायला तिच्याजवळ तोंड नव्हतं. एक महिना हिचा, एक आपला. म्हणजे आपला आता माघात. जातं पुन्हा सुरू झालं.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी भागीबाई तान्हीला घेऊन खोपीत गेली. बसलीसुद्धा नाही, आडवी झाली ती थेट झोपली. तान्ही जागी झाली की झोपेतच तिला पाजे आणि पुन्हा घोरायला लागे. एवढ्याशा बाईच्या अंगात एवढं घोरणं साठलेलं असेल, असं कोणाला वाटलं नसतं. चिमणाबाई अंगणातून घागरी नेताना दर खेपेला तिकडे बघे. एका खेपेला तिला हेवा वाटे, दुसऱ्या खेपेला लाज वाटे, आणि तिसऱ्या खेपेला घागर जड असल्यामुळे काहीच वाटत नसे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चुलीपुढे एकटी थापत होती. धोंडाबाई शेजारी हात शेकत बसली होती. तिने भाकरीचा तुकडा कुस्करून घेतला, त्यावर लोणचं मागितलं, आणि चघळता चघळता म्हणाली,

"थोरले, या पुनवेला तू नाय बसली."

चिमणाबाईचा हात पिठावर थांबला. याचं उत्तर दोघींनी ठरवलंच नव्हतं. जात्यावर सगळं बोलून झालं, पण घरात पेरांवर मोजणारी एक बाई आहे, हे दोघी विसरल्या. आता सुटले, असं म्हणावं तर माघही गेला आणि पुढचे सगळे महिने गेले, जन्मभर चूल. आणि अजून येतो म्हणावं, तर मग तो होता कुठे? तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिने ती उलटली.

"मागंपुढं होतं, आत्याबाई."

"होतं," धोंडाबाई म्हणाली. "अंगनात ढीग पडला तवा म्होरं झालं. आता धाकटी बसली तर मागं झालं." तिने फोडीचं साल हिरड्यांतून काढून राखेत टाकलं. तिचे पांढरे पडलेले डोळे चुलीकडे होते. "ढीग बघून येनारा कावळा मी काय वळखत नाय?"

म्हातारी हे कधीपासून ओळखते, हे विचारायचं चिमणाबाईच्या ओठांवर आलं. पण विचारलं की आपल्यालाही पुष्कळ सांगावं लागेल, म्हणून तिने ते पिठाबरोबर मळून टाकलं. जाळ कमी झाला होता. तिने लाकूड पुढे सारलं आणि काय ते ऐकायला थांबली.

"येका टायमाला येकीनंच बसायचं," धोंडाबाई म्हणाली. "दोघी बसल्या तर भाकरी मला थापाया लागंल. माझ्यानं आता थापवत नाय."

"व्हय, आत्याबाई."

"अन् गावात बोभाटा नको."

"नाय व्हनार."

धोंडाबाईने ताटली पुढे केली. चिमणाबाईने बरणीतून आणखी दोन फोडी काढून वाढल्या. बाहेर गडी मोटेवरून येऊन पाय धुवत होते. खंडेरावाचा आवाज आला, पुढच्या साली म्हणे तो फ्लावर लावणार होता. खोपीकडून घोरणं ऐकू येत होतं.

माघ अजून लांब होता. चिमणाबाईने परातीत आणखी पीठ घेतलं आणि पाणी ओतलं.